मोबाईलची बॅटरी: आधी उष्णता सांभाळा, मग टक्केवारी

मोबाईलच्या बॅटरीबद्दल कुणालाही विचारा, सल्ला आकड्यांत मिळतो. वीसच्या खाली जाऊ देऊ नका, ऐंशीच्या वर नेऊ नका, रात्रभर लावून ठेवू नका. यातलं बरंचसं बरोबर आहे, पण आपल्याकडच्या हवेत त्याच्याही आधी सांगायला हवं ते उष्णतेबद्दल. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि बहुतेक कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात. म्हणजे आपले फोन वर्षातले काही महिने त्यांच्या मर्यादेबाहेरच असतात. म्हणून हा लेख उष्णतेपासून सुरू करतो आणि फुगलेल्या बॅटरीवर जास्त वेळ थांबतो, कारण जिवावर बेतू शकतं ते तिथे.

आत काय असतं ते आधी समजून घ्या

फोनमधली लिथियम-आयन बॅटरी म्हणजे पातळ पापुद्र्यांची घट्ट गुंडाळी. एका बाजूला तांब्याच्या पत्र्यावर ग्रॅफाइटचा थर, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्टसारख्या धातूचा ऑक्साइड, आणि मध्ये दोघांना एकमेकांना चिकटू न देणारा प्लास्टिकचा पडदा. हा पडदा केसापेक्षाही पातळ असतो. सगळी गुंडाळी एका द्रावात भिजलेली असते आणि तो द्राव पेट घेणारा असतो. चार्जिंगला लावलं की लिथियमचे आयन ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात, फोन वापरला की ते परत येतात. पडदा फाटला, भोसकला गेला किंवा वितळला की दोन्ही बाजू थेट भिडतात, आतच शॉर्ट होतो आणि मग उष्णतेतून आणखी उष्णता तयार होत जाते.

ही बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधीच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पूर्ण उतरवून मगच चार्ज कराव्या लागत. ‘नवा फोन आधी आठ तास चार्जिंगला लावा’ आणि ‘पूर्ण बंद पडल्याशिवाय लावू नका’ हे दोन नियम तिथून आले आणि दुकानांत अजून सांगितले जातात. आजच्या बॅटरीसाठी दोन्ही सोडून द्या. तिला पूर्ण उतरणं उलट त्रासाचं असतं.

उष्णता: रोजच्या चार-पाच जागा सुधारा

लिथियम-आयन बॅटऱ्यांबद्दल तांत्रिक लेखनात एक हिशेब नेहमी दिला जातो. ४० टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवली तर तिची क्षमता साधारण ९६ टक्के उरते. तीच १०० टक्के भरून ४० अंशांत ठेवली तर वर्षाने साधारण ६५ टक्केच उरते. दोन्ही वेळा बॅटरी वापरलेली नाही, नुसती पडून आहे. उष्णता आणि पूर्ण भरलेलं असणं ही जोडी किती महागात पडते ते यातून दिसतं. वेगवेगळी न पाहता ही दोन्ही एकत्र येऊ न देणं, हाच सगळ्या काळजीचा गाभा आहे.

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवू नका. काचा बंद असलेल्या गाडीत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि डॅशबोर्ड तर हाताला चटका बसेल इतका. गाडी चालवताना नकाशा लावायचा असेल तर फोन एसीच्या झोताजवळ अडकवा. दुचाकीच्या हँडलवर फोन लावून दिवसभर फिरणाऱ्या डिलिव्हरीवाल्या मुलांची अडचण खरी आहे. डोक्यावर ऊन, स्क्रीनचा उजेड पूर्ण, जीपीएस चालू, आणि त्यातच गाडीवरून चार्जिंग. एवढं सगळं एकाच वेळी बॅटरीवर येतं. त्यांना इतकंच सांगेन की चार्जिंग सावलीत थांबाल तेव्हा करा, आणि रस्ता पाठ असेल तिथे स्क्रीन बंद ठेवून नुसता आवाज ऐका.

घरात उशीखाली, गादीवर किंवा पांघरुणात फोन चार्जिंगला ठेवू नका. उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते, आणि काही झालंच तर कापूस आणि कापड लगेच पेट घेतं. खिडकीच्या कट्ट्यावर सकाळी सावली असते, दुपारी ऊन येतं, तेही बघा. गॅसच्या ओट्यावरचा प्लगपॉइंट तर फोनसाठी नाहीच. चार्जिंगची जागा म्हणजे फरशी, लाकडी टेबल किंवा दगडी कट्टा, वर काही न झाकलेला. जाड कव्हर असेल आणि फोन तापत असेल तर चार्जिंगपुरतं कव्हर काढा.

फोन खूप तापला तर काय? गालाला लावून धरवत नसेल तर तो नक्कीच जास्त तापलाय असं समजा. चार्जर काढा, कव्हर काढा, चालू असलेला गेम किंवा व्हिडिओ कॉल बंद करा आणि पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये किंवा बर्फावर ठेवू नका, कारण अचानक थंड झालेल्या फोनच्या आत दव साचतं. उलट टोकाचीही काळजी हवी. लेह-लडाखला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की शून्याखालच्या थंडीत चार्जिंग करू नये, लिथियम आत धातूच्या रूपात साचायला लागतं आणि ते नुकसान भरून येत नाही. फोन आधी आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा, मग लावा.

रोजचं चार्जिंग

आता आकडे. बॅटरी २० ते ८० टक्क्यांच्या मध्ये राहिली तर जास्त टिकते, हे खरं. कारण व्होल्टेज. भरत आली की तिचा दाब ४.२ व्होल्टच्या आसपास, हल्लीच्या फोनमध्ये त्याहूनही थोडा वर जातो, आणि वरच्या दाबावर आतला द्राव लवकर खराब होतो. एसटी रिकामी असताना लोक भराभर चढतात, शेवटचे दहा जण मात्र रेटून घ्यावे लागतात. चार्जिंगचंही तसंच आहे. म्हणून पहिले पन्नास टक्के झटकन होतात आणि शेवटचे वीस रेंगाळतात. तो चार्जरचा दोष नव्हे, फोन मुद्दाम वेग कमी करतो.

पण या आकड्यांचा ताण घेऊ नका. सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर ८० टक्क्यांवर थांबवण्याची किंवा तुमच्या उठण्याच्या वेळेप्रमाणे सावकाश भरण्याची सोय बहुतेक नव्या फोनमध्ये आहे. ती एकदा चालू करा. मग रात्रभर लावलेला फोन हा बॅटरीच्या आयुष्याच्या दृष्टीने फारसा प्रश्न राहत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने मात्र राहतो. तुम्ही झोपेत असता, म्हणून रात्रीचं चार्जिंग फक्त चांगल्या चार्जरवर, कडक पृष्ठभागावर आणि अंथरुणापासून लांब. मला विचाराल तर संध्याकाळी जेवण होईपर्यंत फोन लावावा आणि झोपताना काढून ठेवावा, हे सगळ्यात सोपं.

लांबच्या प्रवासाच्या दिवशी, वादळाचा इशारा असताना किंवा वीज जाणार असं कळलं की खुशाल १०० टक्के करा. वर्षातले असे काही दिवस बॅटरीचं काही बिघडवत नाहीत.

चार्जिंग चालू असताना गेम खेळणं किंवा तासभर व्हिडिओ कॉल करणं टाळा. बॅटरी एकीकडून भरतेय, प्रोसेसर दुसरीकडून तापतोय. वायरलेस चार्जिंगही तारेपेक्षा जास्त तापतं, उन्हाळ्यात तार बरी.

चार्जर आणि केबल: इथे पैसे वाचवू नका

फोनमधली बॅटरी चांगली असूनही घात होतो तो स्वस्त चार्जरमुळे. चार्जरचं काम भिंतीतले २३० व्होल्ट उतरवून पाच, नऊ अशा थोड्या व्होल्टवर आणणं, आणि दोन्ही बाजूंमध्ये पक्कं अंतर राखणं. नकली चार्जरमध्ये हे अंतर राखायलाच पैसे खर्च केलेले नसतात. आतलं इन्सुलेशन तुटलं की भिंतीतली वीज केबलमधून फोनपर्यंत, आणि फोन कानाला लावलेला असेल तर माणसापर्यंत येते. चार्जिंगला लावलेला फोन ओल्या हातांनी, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून धरू नका.

विकत घेताना चार्जर आणि बॅटरी दोन्हीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. बीआयएस केअर या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी कुठल्या कंपनीची आणि कुठल्या वस्तूची आहे ते दिसतं. बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांत होणारं काम आहे, दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून सोडू नका.

जास्त वॉटचा चार्जर लावला तर फोन जळेल का, असं बरेच जण विचारतात. चांगल्या कंपनीचा ६५ वॉटचा चार्जर साध्या फोनला लावला तरी फोन त्याच्याकडून हवी तेवढीच वीज मागतो. धोका वॉटचा नाही, नकली मालाचा आहे.

घरातले चार्जर महिन्यातून एकदा हातात घेऊन पाहा. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, केबलच्या मानेशी आतली तार दिसते का, फोनची पिन सैल होऊन केबल हलवावी लागते का, चार्जर एरवीपेक्षा जास्त तापतो का. केबलला चिकटपट्टी गुंडाळून वर्ष काढणारी बरीच घरं आहेत. ती केबल आजच बदला. सैल पिनेत ठिणगी पडते आणि जळालेल्या प्लॅस्टिकचा वास येतो, ती खूण समजून लगेच वापर थांबवा.

पावसाळा आणि समुद्र

भिजलेला फोन चार्जिंगला लावणं ही पावसाळ्यातली सगळ्यात वाईट घाई. पिनमध्ये पाण्याचा एक थेंब असला तरी वीज सुरू झाल्यावर आतले पत्रे गंजायला आणि तापायला लागतात. स्क्रीनवर ओलाव्याचा इशारा आला तर तो बंद करून पुढे जाऊ नका. फोन पिन खाली करून तळहातावर हलकेच आपटा, मऊ कापडाने पुसा आणि पंख्यासमोर काही तास ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, पीठ आणि कण पिनमध्ये जातात. हेअर ड्रायरची गरम हवा नको. वाट पाहणं जमत नसेल आणि फोनला वायरलेस चार्जिंग असेल तर पाठ कोरडी करून तसं लावा.

कोकणात किंवा गोव्यात फोन समुद्राच्या पाण्यात पडला तर गोष्ट वेगळी. पाणी सुकतं, मीठ आत राहतं आणि हवेतला ओलावा ओढून गंज वाढवत राहतं. फोन चालू दिसत असला तरी बंद करा आणि सुकवत न बसता दुरुस्तीला न्या.

प्रवास, वारी आणि पॉवर बँक

आषाढीच्या वाटेवर मुक्कामाच्या गावी एकाच एक्स्टेंशन बोर्डावर दहा-पंधरा फोन एकमेकांवर रचून चार्जिंगला लावलेले असतात. फोन एकावर एक ठेवू नका, बोर्ड ओल्या जमिनीवर किंवा सतरंजीखाली नको. दिंडीत दोघातिघांत मिळून १०,००० एमएएचची एक चांगली पॉवर बँक घेतली तर रोजची ही गर्दीच टळते.

१०,०००ची पॉवर बँक ५,०००चा फोन दोनदा का भरत नाही, हाही नेहमीचा प्रश्न. आतल्या सेलचा दाब ३.७ व्होल्ट, बाहेर पाच व्होल्ट द्यायचे असतात, शिवाय वाटेत थोडी वीज उष्णतेत जाते. हाताशी साधारण ६,००० एमएएचच येतात. चांगल्या कंपन्या हा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून पाठीवर छापतात. नकली ओळखायला वजन बघा: २०,०००ची खरी पॉवर बँक साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. तीनशे रुपयांत मिळणारी आणि हाताला पोकळ लागणारी घेऊ नका.

विमानात पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, सोबतच्या बॅगेतच हवी. परवानगीशिवाय मर्यादा १०० वॉट-तास. हिशेब सोपा आहे: एमएएचला ३.७ ने गुणा आणि हजारने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, चालते. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, फोन चिरडून बॅटरी पेटू शकते, कर्मचाऱ्यांना बोलवा.

गडावर, घाटात फोन भराभर उतरतो त्याचं कारण बहुतेक वेळा रेंज. टॉवर लांब असला की फोन जोर लावून शोधत राहतो. चढताना एअरप्लेन मोड लावा, नकाशा आधी उतरवून घ्या. जीपीएस तरीही चालतं.

फुगलेली बॅटरी

इथे सावकाश वाचा. आतला द्राव बिघडला की त्याचा वायू होतो आणि बॅटरीची पिशवी फुगते. खुणा बारीक असतात. फोनची पाठ एका कडेने किंचित उचलली जाते, कव्हर पूर्वीसारखं बसत नाही, स्क्रीनवर मध्येच पिवळसर डाग दिसतो किंवा बाजूची बटणं घट्ट होतात. फोन सपाट टेबलावर ठेवा आणि कोपरा बोटाने दाबा. डुगडुगला तर संशय घ्या. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळेही डुगडुगतो, म्हणून स्क्रीनच्या बाजूने उलटा ठेवूनही पाहा. बटणांच्या जुन्या फोनची बॅटरी काढता येते. ती टेबलावर ठेवून बोटाने फिरवली आणि भिंगरीसारखी गरगर फिरली तर फुगलीच आहे. दुकानदार असंच तपासतात.

फुगलेली दिसली की:

१. चार्जर ताबडतोब काढा आणि पुन्हा लावू नका, ‘फक्त डेटा घेण्यापुरतं’ सुद्धा नाही.
२. फोन बंद करा. खिशात, पर्समध्ये, मुलांच्या हातात देऊ नका.
३. दाबून बसवू नका, टाचणी मारून हवा काढायचा प्रयत्न तर कधीच नको. तो केसापेक्षा पातळ पडदा आठवा.
४. पाठ घरी उघडू नका. बॅटरी गोंदाने चिकटवलेली असते आणि स्क्रूड्रायव्हरने उचकटताना भोसकली जाते.
५. मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घेऊन त्यावर फोन ठेवा, सावलीत, पडदे-कागदांपासून दूर, आणि त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला न्या.

‘अजून चालतोय, महिनाअखेरीस बघू’ हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. पगाराची वाट समजते, पण निदान तोपर्यंत फोन बंद ठेवा.

चांगल्या कंपनीच्या मालातही दोष निघू शकतो. नोकियाच्या बीएल-५सी या बॅटरीबाबत ऑगस्ट २००७ मध्ये इशारा निघाला तेव्हा त्यात ४ कोटी ६० लाख नग होते. २०१६ मध्ये सॅमसंगला गॅलक्सी नोट ७ हा फोनच बंद करावा लागला, कारण बॅटऱ्यांमधला दोष. कंपनीने बॅटरी परत मागवली तर ‘माझी ठीक आहे’ म्हणून बसू नका.

पेटलीच तर

आधी माणसं, विशेषतः मुलं, खोलीबाहेर काढा. हात पोचत असेल तर भिंतीवरचं बटण किंवा मेन स्विच बंद करा. पेटलेला फोन हातात घेऊन खिडकीकडे पळू नका, भाजतं आणि वाटेत पडदे पेटतात. वीज बंद झाल्यावर लांबून भरपूर पाणी ओता. लिथियमवर पाणी टाकू नये असं ऐकलेलं असतं, पण ते शुद्ध लिथियम धातूबद्दल. फोनच्या छोट्या बॅटरीला थंड करायला पाणीच लागतं. घोंगडीने झाकू नका, उष्णता आत कोंडते. धूर विषारी असतो, तो हुंगत थांबू नका, खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. विझलेली बॅटरी पुन्हा पेट घेऊ शकते, म्हणून काही तास उघड्यावरच राहू द्या. आग पसरली तर १०१ किंवा ११२.

भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ नको. डोळ्यात द्राव गेला तर भरपूर पाण्याने धुवत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

बदलायची कधी आणि कशी

क्षमता ८० टक्क्यांच्या खाली आली की बदलायचा विचार करावा. आयफोनमध्ये आणि काही नव्या अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्येच ती दिसते. नसेल तर एक लक्षण पुरेसं आहे: २५-३० टक्के असताना फोन फटकन बंद पडतो आणि चार्जरला लावताच पुन्हा तेवढेच दाखवतो. बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, कॅमेरा उघडला की दाब कोसळतो आणि फोन बंद होतो. ॲपलने जुन्या आयफोनचा वेग याच कारणाने कमी केला होता आणि २०१७ च्या डिसेंबरात ते मान्य केलं.

बदलायला देताना फोन २५ टक्क्यांच्या खाली उतरवून न्या, डेटाचा बॅकअप घ्या. नव्या बॅटरीवरचा नोंदणी क्रमांक आणि बनवल्याची तारीख स्वतः पाहा. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेली बॅटरी निम्मी म्हातारी झालेली असते. पूर्ण मेलेल्या बॅटरीला बाहेरून थेट करंट देऊन जागी करून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. फार खोल उतरलेल्या बॅटरीतलं तांबं विरघळून आत शॉर्ट तयार झालेला असू शकतो. आणि पाठ एकदा उघडली की पाणी अडवणारं सील पूर्वीसारखं राहतं असं धरू नका.

जुना फोन कपाटात ठेवायचा असेल तर अर्धा भरून, बंद करून ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा अर्ध्यावर आणा. ठेवायचाच नसेल तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. घंटागाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चिरडते आणि जो माणूस तो कचरा हाताने निवडतो त्याच्यासमोर ती पेटते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, म्हणून सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा संकलनात द्या. सुट्या बॅटऱ्या असतील तर आधी त्यांच्या सोनेरी टोकांवर सेलोटेप लावा, प्रत्येक बॅटरी वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत घाला, आणि नाणी-किल्ल्यांच्या खणात न ठेवता नेऊन देईपर्यंत त्या वाळूच्या कुंडीतच ठेवा.